ब्रायटनच्या टेकडीवरचं फाटक : बाहेर जायच्या पासावरून उभं राहिलेलं एक प्रकरण

१९१५ साल संपत आलं होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन गावात एका भारतीय लष्करी डॉक्टरने आपल्याच इस्पितळाच्या प्रमुख कर्नलला गोळी घालण्याचा प्रयत्न केला. कर्नल वाचला. डॉक्टरचं कोर्टमार्शल झालं आणि त्याला सात वर्षांची सक्तमजुरी लागली. वाद होता तो इस्पितळाच्या फाटकाबाहेर जाण्याच्या परवानगीचा.

डॉक्टरचं नाव मुद्दाम देत नाही. आडनाव अस्सल मराठी आहे. ते सांगितलं की वाचणाऱ्याचं मन 'अरे, हा तर आपला' इथेच अडकतं आणि ज्या नियमाबद्दल बोलायचं तो राहून जातो. मला त्या नियमात रस आहे, कारण बरीच वर्षं मी स्वतः रजेच्या अर्जांवर सह्या करत आलो आहे आणि कोणाला 'नाही' म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहत आलो आहे.

पार्श्वभूमी

त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात रजा हा शिपायाचा हक्क नव्हता, ती वरिष्ठांची मेहेरबानी होती. कधी द्यायची, किती द्यायची, मधेच परत कधी बोलवायचं, सगळं त्यांच्या हातात. कायदा होता १८८१ चा आर्मी अ‍ॅक्ट. त्याच्या १२ व्या कलमात पळून जाणं आणि १५ व्या कलमात बिनरजेची गैरहजेरी. दोन्हींमधला फरक इराद्याचा. परत यायचंच नव्हतं असं सिद्ध झालं तर पळपुटेपणा, नाहीतर नुसती गैरहजेरी. २१ दिवस माणूस सापडला नाही की चौकशी मंडळ बसे आणि त्याचं नाव तसं नोंदलं जाई. गैरहजेरीत पगार कापला जाई, थोडी कैद होई. पळपुटेपणाला युद्धाच्या काळात मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने अशा लष्करी गुन्ह्यांसाठी आपल्याच ३०० हून अधिक माणसांना गोळ्या घातल्या, त्यांतले बहुतेक पळून गेल्याच्या आरोपाखाली.

एवढा कडक कायदा असूनही गोऱ्या शिपायाला रजा मिळत होती. १९१४ च्या अखेरीपासून फ्रान्सच्या आघाडीवरून पाळीपाळीने माणसं घरी सोडायला सुरुवात झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनात रजेची गाडी लागली की खंदकातला चिखल अजून बुटांवर वाळलेला, खांद्यावर रायफल, पाठीवर अख्खं सामान अशी माणसं उतरत. रायफल घरी घेऊन जायची असा नियमच होता. स्टेशनात फुकट चहा आणि पाव मिळे, खिशातले फ्रँक देऊन शिलिंग घेता येत. मग आठवडाभर घर, आणि परत तीच गाडी. अधिकाऱ्यांची पाळी काही महिन्यांनी येई, साध्या शिपायाला वर्ष-वर्षही थांबावं लागे. त्यावरून कुरकुर भरपूर होती. पण एकदा गाडीतून उतरल्यावर तो कुठे जातो, कोणाशी बोलतो, कोणत्या दुकानात शिरतो हे बघायला मागे पहारेकरी नसे.

भारतीय शिपायाचं गणित वेगळं. त्याचा कायदा वेगळा, १९११ चा इंडियन आर्मी अ‍ॅक्ट. ब्रिटिश सैन्यातली फटक्यांची शिक्षा १८८१ मध्ये गेली, ह्या सैन्यातली १९२० पर्यंत राहिली. शांततेच्या काळात त्याला पाळीने लांब रजा मिळे, तिला आपल्याकडे फर्लो म्हणत. सुगी, लग्नकार्य, जमिनीचा दावा, सगळं त्यात उरकायचं. फ्रान्समधून असली रजा कशी मिळणार? मुंबईपर्यंतचा बोटीचा प्रवासच काही आठवड्यांचा. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी बांधकाम करणाऱ्या पलटणीच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावात घरोघरी लढल्या. त्यांतल्या एखाद्याला आठवड्याची रजा दिली असती तरी तो जाणार कुठे होता? त्याची सुट्टी एकच, जखम. जखमी झाला की बोट, मग इंग्लंडचा किनारा, मग इस्पितळातली पांढरी चादर. बरा झाला की बहुधा पुन्हा खंदक. एकदा जखमी झालेल्याला परत पाठवू नये, ही विनवणी त्या वेळच्या पत्रांत वारंवार दिसते.

ब्रायटनमध्ये भारतीय जखमींसाठी तीन इस्पितळं उघडली होती. रॉयल पॅव्हिलियन हा घुमटांचा राजवाडा सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याचे फोटो काढून हिंदुस्थानभर वाटले गेले. झुंबराखाली निजलेले शीख आणि गुरखे, जातीधर्मांप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे नळ. दुसरं होतं यॉर्क प्लेसच्या शाळेत. तिसरं आणि सर्वांत मोठं गावाबाहेरच्या चढावर, जिथे आधी गावातल्या निराधारांना कामाला जुंपून ठेवण्याचं घर होतं. त्या निराधारांना दुसरीकडे हलवलं, इमारत रंगवली, ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर ह्यांचं नाव दिलं आणि दीड हजारांहून अधिक खाटा मांडल्या. त्या जागेचा जुना लौकिक भारतीयांच्या कानावर जाऊ नये म्हणूनही नाव बदललं होतं. पण भिंती त्याच राहिल्या, आणि त्या मुळात माणसं आत ठेवायलाच बांधलेल्या होत्या.

अडचण

ह्या किचनेर इस्पितळाचे प्रमुख होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कर्नल सर ब्रूस सेटन, ज्यांच्यावर पुढे गोळी झाडायचा प्रयत्न झाला तेच. त्यांच्यापुढे काय होतं तेही बघायला हवं, नाहीतर गोष्ट फारच सोपी होते. हजारावर रुग्ण, त्यांत कित्येक हिंडते-फिरते. शेकडो नोकर, सफाईवाले, पाणके, स्वयंपाकी. पायथ्याशी सुट्टीसाठी प्रसिद्ध असलेलं शहर, दारूचे गुत्ते, समुद्रकिनारा, आणि फेटेवाले जवान बघायला उत्सुक असलेली गर्दी. वरून लंडनचा दबाव : गोऱ्या बायकांशी भारतीयांचा संबंध येता कामा नये, आला तर साम्राज्याच्या इभ्रतीला धक्का. १९१५ च्या मे महिन्यात एका वर्तमानपत्रात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या खुदादाद खानशेजारी उभ्या असलेल्या नर्सचा फोटो छापून आला, आणि तेवढ्यावरून भारतीय इस्पितळांतल्या नर्स काढून घेण्याची हालचाल झाली. ज्यांना पलंगाशी उभी असलेली नर्सही चालेना, त्यांना रस्त्यावरची गाठभेट चालणार नव्हती हे उघड आहे.

सेटननी उपाय योजला तो असा. भिंतींवर काटेरी तार, दारांवर पहारा, आणि बाहेर जायचं तर देखरेखीखाली, मोजक्यांनी, मोजक्या वेळी. रुग्णांना गाडीतून फिरवून आणत, लंडनही दाखवत, पण सोबत कोणीतरी असेच. पास काढून एकट्याने गावात चक्कर मारणं जवळजवळ बंद.

इथवरचं निदान कळतं तरी. खरी गोम पुढे आहे. हाच नियम इस्पितळ चालवणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांनाही लावला, आणि त्यांत सब-असिस्टंट सर्जन आले.

सब-असिस्टंट सर्जन म्हणजे कोण हे आज सांगावं लागतं. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी बहुतेक गोरे, तिची परीक्षा लंडनला. त्यांच्या खाली हा भारतीयांचा वर्ग. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलच्या धर्तीच्या शाळांतून शिकलेला, इंग्रजी लिहिता-बोलता येणारा, मलमपट्टीपासून शस्त्रक्रियेत हाताखाली उभं राहण्यापर्यंत सगळं करणारा. त्यांतल्या वरिष्ठांना जमादार-सुभेदाराचा हुद्दा. आपल्या गावी हा माणूस 'डॉक्टरसाहेब'. त्याच्या घरी पाटील-कुलकर्णी चालत येणार, हे कुठेही लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. तोच माणूस ब्रायटनला पोटापुरतं सामान किंवा पत्राची तिकिटं आणायला फाटकाशी उभा राहतो, आणि शिपाई गडी त्याला 'परवानगी नाही' म्हणून मागे वळवतो. रुग्ण बरा होऊन निघून तरी जाई. कर्मचारी तसाच आत. आणि त्यांच्यातला एकही जण कैदी नव्हता, हे लक्षात घ्या. काही तर आपणहून युद्धावर आले होते.

ह्याच इस्पितळातल्या एका भारतीय कर्मचाऱ्याचं १९१५ च्या डिसेंबरातलं पत्र सेन्सॉरच्या कचेरीत नकलून ठेवलेलं आहे. आम्हाला कैद्यासारखं वागवतात, चहूकडे काटेरी तार, प्रत्येक दाराशी पहारेकरी, असा त्याचा मथितार्थ. तक्रार अन्नाची किंवा थंडीची नाही, ह्याकडे माझं लक्ष गेलं. इंग्लंडच्या डिसेंबरात माणूस थंडी सोडून दाराबद्दल लिहितो.

कोणते मार्ग उघडे होते

आधी कर्नलच्या बाजूने पाहू. त्याच्यापुढे निदान तीन वाटा होत्या. सगळ्यांना कोंडायचं, ही एक. रुग्णांना आणि खालच्या नोकरवर्गाला बांधून ठेवून हुद्देदारांना त्यांच्या शब्दावर सोडायचं, ही दुसरी. पास सर्रास द्यायचे आणि जो गैरवर्तन करील त्याचाच पास काढून घ्यायचा, ही तिसरी. ब्रिटिश पलटणींत नेहमीची. त्याने पहिली निवडली. आपल्या अहवालात त्याने इस्पितळातल्या नोकरवर्गाचं वर्णन मुंबईच्या रस्त्यांवरून झाडून गोळा केलेली माणसं, अशा अर्थाचं केलं आहे. मला वाटतं निर्णय तिथेच झाला. वर्गातल्या सर्वांत बेभरवशाच्या माणसाकडे बघून त्याने नियम आखला आणि तोच सर्वांत भरवशाच्या माणसाच्या गळ्यात घातला. सोय हीच की फाटकावरच्या पहारेकऱ्याला डोकं चालवावं लागत नाही. रंग बघितला की पुरे.

हे आपल्याला परकं आहे असं समजू नये. मी काम केलेल्या एका इस्पितळात एक वॉर्डबॉय रात्रपाळीला दारू पिऊन आला, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नर्सचे जेवणाच्या सुट्टीतले गेटपास बंद. पत्रकावर सही माझी होती. ते मागे घ्यायला पाच आठवडे लागले. कारण बंद करणं एका सहीचं काम, आणि उघडायला मात्र 'जबाबदारी कोण घेणार' हा प्रश्न.

आता डॉक्टरच्या बाजूने. नियम जाचक वाटला तर त्याने काय करायचं? कर्नलकडे अर्ज द्यायचा; पण नियम कर्नलचाच. कर्नलला ओलांडून वर जायचं. लॉर्ड किचनेरने सर वॉल्टर लॉरेन्स ह्यांना भारतीय जखमींच्या देखभालीसाठी खास आयुक्त नेमलं होतं, ते इस्पितळं पाहतही फिरत. पण लष्करात वरिष्ठाला डावलून तक्रार नेणं हाच एक गुन्हा ठरू शकतो, आणि तक्रार पोचेपर्यंत तक्रारदाराला त्याच भिंतीआड राहायचं असतं. घरी पत्र लिहायचं. ते सेन्सॉर वाचणार. भिंत ओलांडायची, मग तो रजेविना गैरहजर, शिवाय हद्द तोडल्याचा वेगळा गुन्हा. राजीनामा युद्धात चालत नाही. उरतं ते गप्प बसणं. ह्या यादीतल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी तोच कर्नल उभा आहे, आणि ह्या प्रकरणातली सगळ्यात घातक गोष्ट मला हीच दिसते.

काय घडलं

डॉक्टर गप्प बसला नाही. निर्बंधांवरच्या चिडीतून त्याने कर्नलवर हत्यार रोखलं. बाकी शेकडो लोकांनी तोच जाच सोसला, पत्रांत शिव्या घातल्या आणि दिवस काढले. एकानेच हे केलं. म्हणून नियमाने त्याला हे करायला लावलं असं म्हणणं मला पटत नाही. पण हा एक डोकं फिरलेला माणूस होता, बाकी सारं आलबेल होतं, हेही खरं नाही. सेन्सॉरच्या कचेरीतली पत्रं वेगळं सांगतात.

कोर्टमार्शलपुढे प्रश्न एकच होता : गोळी घालण्याचा प्रयत्न झाला की नाही. काटेरी तार योग्य होती का, हुद्देदाराला हमालाबरोबर मोजणं बरोबर होतं का, हे त्या टेबलावर येतच नाही. लष्करी न्यायालय कृत्याचा निवाडा करतं, नियमाचा नाही. सात वर्षांच्या शिक्षेबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. वरिष्ठावर हात उचलण्याला गोऱ्या शिपायासाठीही आघाडीवर मृत्युदंडाची तरतूद होती. त्या काळाच्या मापाने सात वर्षं म्हणजे क्रूर सूड नव्हे. मला शिक्षेपेक्षा हे जास्त खटकतं की एवढं होऊनही फाटकाचा नियम कोणी चौकशीला घेतला नाही.

निष्पत्ती

नियम सैल व्हायच्या आत इस्पितळच संपलं. १९१५ च्या शेवटी भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाकडे नेलं गेलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ब्रायटनची भारतीय इस्पितळं बंद झाली. वर्षभरात तिथे सुमारे बारा हजार भारतीयांवर उपचार झाले. वाचू न शकलेल्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख जवानांचं दहन पॅचमच्या माळावर झालं. तिथे संगमरवरी छत्री उभी राहिली आणि १ फेब्रुवारी १९२१ ला ब्रिटनच्या युवराजांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मुसलमान जवानांना वोकिंगच्या मशिदीजवळ पुरलं. मेलेल्यांच्या धर्माची, अग्नीची, दिशेची इतकी काळजी घेणारी हीच व्यवस्था होती. जिवंत माणसाला बाजारात जाऊन येऊ द्यायचं म्हटलं की मात्र तिचा हात थरथरे.

कर्नल सेटनचं पुढे चांगलं चाललं. युद्धानंतर त्यांनी आघाडीवर बॅगपाइप वाजवत गेलेल्या स्कॉटिश वादकांच्या कामगिरीवर एक जाडजूड पुस्तक दुसऱ्या एकाबरोबर मिळून लिहिलं. कोण कोणत्या लढाईत पडलं, कोण जखमी झालं, पलटणवार याद्या. माणसं नीट मोजण्याची सवय दांडगी होती, हे कबूल करायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट तर फुकटात होती. हुद्देदारांना आणि सब-असिस्टंट सर्जनना त्यांच्या शब्दावर सोडायचं, संध्याकाळी ठराविक वेळेला परत. ह्या वर्गाकडे रुग्णाच्या जिवाची किल्ली दिलेलीच होती. विषारी औषधांच्या कपाटापर्यंत ज्याच्यावर विश्वास टाकता येतो त्याच्यावर दोन तास रस्त्यात टाकायला हरकत काय? इथे कोणी म्हणेल, 'एकाला सोडलं की सगळे मागतील.' मागतीलच. पण मग नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलेला नकार माणूस पचवतो. कारण नसलेला नकार तो आपल्या कातडीवर घेतो. ब्रायटनमध्ये तर कारण खरोखरच कातडी होतं.

दुसरं, नियमाला मुदत हवी होती. कोंडवाडा सुरुवातीला समजण्यासारखा असेल. नवी जागा, नवे लोक, गावाची गर्दी. दोन महिन्यांनी बसून बघायचं, किती गैरप्रकार झाले, कोणी केले, आता काय सैल करता येईल. पण गैरप्रकार झाले नाहीत तर नियमामुळे झाले नाहीत असं म्हणायचं आणि झाले तर नियम अजून आवळायचा, अशी ही चक्की असते. तीत घातलेला नियम कधीच बाहेर येत नाही.

तिसरं, कर्नलला वळसा घालून जाणारी एक वाट. लॉरेन्स इस्पितळं पाहायला येतच होते. त्यांच्या भेटीच्या दिवशी भारतीय हुद्देदारांपैकी दोघांनी त्यांना एकांतात भेटायचं, एवढं ठरवलं असतं तरी पुष्कळ वाफ निघाली असती. डॉक्टरने तरीही हत्यार उचललं असतं का? उचललंही असतं. निदान कोर्टमार्शलच्या कागदांत त्याआधीची एखादी तक्रार सापडली असती.

चौथी गोष्ट मला अलीकडे सुचली, आणि ती ब्रिटिशांनी स्वतःच शोधून काढली होती. जखमी गोऱ्या शिपायांनी इस्पितळातून बाहेर पडून दारू पिऊ नये, ही चिंता त्यांनाही होतीच. त्यावर त्यांनी भिंतीला तार लावली नाही. इस्पितळातल्या शिपायाला निळा सूट, पांढरा शर्ट आणि लाल टाय असा वेगळाच वेश दिला, आणि ह्या वेशातल्या माणसाला दारू विकायची नाही, असा हुकूम गुत्तेवाल्यांना केला. शिपाई गावात फिरे, बाकावर बसे, लोक त्याला सिगारेट देत. भारतीय गेल्यावर टेकडीवरच्या त्याच इमारतीत ब्रिटिश जखमी आले, आणि ह्या वेशातल्या शिपायाला कोणी दारू दिलीच, तर पकडायचं होतं दुकानदाराला.